स्वल्पविरामाचा प्रश्न : टेल्युराईडच्या पर्वत-चित्रपट महोत्सवाविषयी

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. "सर, तुम्ही आणि डोंगरावरचे सिनेमे?" प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर वर्गात कांट शिकवला, आणि कांट काही गिर्यारोहक नव्हता. कोनिग्सबर्ग आणि आसपासचा मुलूख सोडून तो फारसा कुठे गेला नाही. आल्प्स त्याने डोळ्यांनी पाहिले नाहीत. तरी डोंगर पाहून माणसाला काय होतं, यावर त्याने जे लिहिलं ते आजही ओलांडता येत नाही. त्याच्याकडे आपण येणारच आहोत. आधी गावाची ओळख करून घेऊ.

आमची मुलगी डेन्व्हरला असते. तिकडे मे महिन्याच्या अखेरीस 'मेमोरियल डे'ची जोडून सुट्टी येते. त्या सुट्टीत कोलोरॅडोतल्याच टेल्युराईड नावाच्या लहानशा गावात 'माउंटनफिल्म' हा महोत्सव भरतो, १९७९ पासून. याचे दोन थोरले भाऊ आहेत, इटलीतला ट्रेंटोचा, १९५२ चा, आणि कॅनडातला बान्फचा, १९७६ चा. बान्फचे निवडक सिनेमे फिरत फिरत आपल्याकडेही येतात; आपल्यापैकी काहींनी ते पाहिले असतील. पण टेल्युराईडची गोष्ट जरा निराळी. ट्रेंटोची सुरुवात गिर्यारोहकांच्या संघटनेच्या हातभाराने झाली, तिथे डोंगर हाच विषय. टेल्युराईडला डोंगर हे निमित्त आहे. साहस, चळवळ, सकारात्मक बदल, असे तीन शब्द एका ओळीत, मध्ये स्वल्पविराम देऊन, हा महोत्सव आपल्यासमोर ठेवतो. आज आम्हाला बोलायचं आहे ते खरं म्हणजे त्या स्वल्पविरामांबद्दल.

मुलीने गाडीत घालून नेलं. सहा-सात तासांचा रस्ता. गाव पावणेनऊ हजार फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईवर आणखी अर्ध्याहून जास्त कळसूबाई ठेवावी एवढं उंच. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तिथे दोन जिने चढले की साहसाचा अर्थ आपोआप कळतो. गाव देखणं आहे. तिन्ही बाजूंनी कडे, मधे एकच मोठा रस्ता, १९१३ साली बांधलेलं छोटं नाट्यगृह. हा मुलूख मुळात यूट लोकांचा. १८७३ च्या कराराने या डोंगरातली जमीन त्यांच्याकडून गेली आणि मग चांदी-सोन्याच्या खाणी आल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथेच खाणकामगारांचे संप झाले, लष्कर आलं, संपवाल्यांना गाडीत बसवून गावाबाहेर काढलं. खाणी मंदावल्या. १९७२ साली बर्फावरून घसरण्याचा धंदा सुरू झाला आणि जमिनीचे भाव आभाळाला भिडले. कॉफीच्या दुकानात एक पोरगा होता, तो म्हणाला, मी माँट्रोजहून येतो. म्हणजे जाऊन-येऊन दोन-अडीच तास. गावात राहणं परवडत नाही. त्याला विचारलं, सिनेमे पाहिलेस का? म्हणाला, या तीन-चार दिवसांत सगळ्यात जास्त गिऱ्हाईक असतं, सुट्टी कुठली मिळायला.

हे आम्ही टिंगल म्हणून सांगत नाही. याच गावाने केलेलं एक कामही सांगायला हवं. गावात शिरताना लागतं ते मोकळं कुरण, सुमारे ५७० एकर, बंगल्यांच्या हवाली होणार होतं. गावाने ते ताब्यात घ्यायचं ठरवलं, २००७ साली ५ कोटी डॉलर उभे केले, आणि पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात तो निर्णय टिकला. आज त्या कुरणात एल्क हरणं चरतात. सकारात्मक बदल म्हणायचा तर हा शंभर टक्के आहे. फक्त कॉफीच्या दुकानातला तो पोरगा ते कुरण रोज सकाळी गाडीतून बघत जातो. ज्यांना गावात घर आहे त्यांच्या खिडकीसमोर ते वाचलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी खोडली जात नाही.

आता कांट.

१७९० साली कांटचं तिसरं 'क्रिटिक' आलं. मराठीत रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' लिहिली तेव्हापासून आपल्याकडे या ग्रंथाची नीट चर्चा आहे, म्हणून तपशिलात जात नाही. उदात्ताच्या अनुभवाबद्दल कांट काय म्हणतो, तेवढंच घेऊ. कडे, वादळ, धबधबा, ज्वालामुखी यांच्यापुढे आपण शरीराने क्षुल्लक ठरतो. पण त्याच क्षणी आपल्यात असं काही जागं होतं, जे या शक्तीपुढे वाकत नाही. आपलं नैतिक स्वत्व. इथे कांटची एक अट आहे आणि ती महत्त्वाची आहे. पाहणारा सुरक्षित असला पाहिजे. खरोखर जीव धोक्यात असलेल्याला उदात्त जाणवत नाही, त्याला भीती वाटते.

म्हणजे बघा, कांटने दोनशे वर्षांपूर्वी चित्रपटगृहातल्या प्रेक्षकाची व्याख्या करून ठेवली. गुबगुबीत खुर्ची, हातात मक्याच्या लाह्या, आणि समोर एक माणूस दोरीशिवाय तीन हजार फुटांच्या कड्याला चिकटलेला. ॲलेक्स होनोल्ड जून २०१७ मध्ये योसेमिटीतला 'एल कॅपिटन' असा चढला, त्यावरच्या 'फ्री सोलो'ला पुढे ऑस्कर मिळालं. तो सिनेमा आम्ही घरी पाहिला तेव्हा आमच्या तळहाताला घाम सुटला होता. होनोल्डच्या चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं. उदात्ताचा अनुभव कुणाला आला? त्याला नाही, आम्हाला. तो फक्त पुढची पकड शोधत होता.

पण याच ग्रंथात कांटने आणखी एका माणसाला आणलं आहे, आणि आमच्या मते सगळ्या पर्वतपटांची खरी समीक्षा त्या माणसाने करून ठेवली आहे. तो सव्हॉयचा एक शेतकरी. आल्प्सच्या पायथ्याशी राहणारा, साधा, समंजस. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी आपल्या प्रवासवर्णनात त्याची हकीकत दिली होती. बर्फाच्या डोंगरांच्या नादी लागणाऱ्या सगळ्यांना तो बेधडक मूर्ख म्हणत असे. सोस्यूर म्हणजे माँ ब्लांवर पोचण्याची वाट शोधणाऱ्याला १७६० साली बक्षीस जाहीर करणारा आणि १७८७ साली स्वतः अठरा वाटाडे घेऊन त्या शिखरावर जाणारा माणूस. कांट त्या शेतकऱ्याला उडवून लावत नाही. तो म्हणतो, सोस्यूर नुसत्या हौसेने किंवा पुढे रसभरीत वर्णनं लिहिता यावीत म्हणून चढला असता, तर शेतकऱ्याचं अगदीच चुकलं असतं असं नाही. पण त्याचा उद्देश माणसांच्या ज्ञानात भर घालण्याचा होता, आणि उन्नत करणारा अनुभव वाचकांना वरकड मिळाला.

हा युक्तिवाद नीट लक्षात घ्या, कारण टेल्युराईडचं सगळं घर याच पायावर उभं आहे. शेतकरी विचारतो, कशाला चढता? उत्तर येतं, ज्ञानासाठी. पुढे दोनशे वर्षांत ज्ञानाचं निमित्त संपलं, कारण कड्यावरून आणण्यासारखं ज्ञान आता फार उरलं नाही. मग त्या जागी दुसरा उद्देश आला, हिमनद्या वाचवण्यासाठी, नद्या मोकळ्या करण्यासाठी, जगाचं लक्ष वेधण्यासाठी. साहसानंतर स्वल्पविराम देऊन चळवळ. शेतकऱ्याचा प्रश्न बंद.

आमचा संशय असा आहे की बऱ्याच सिनेमांत दुसरा शब्द पहिल्याची जमानत म्हणून उभा केलेला असतो. हा अन्याय वाटत असेल तर दोन सिनेमे शेजारी ठेवून पाहू. दोन्ही २०१५ चे, दोन्ही हिमालयातले, दोन्ही चांगले.

पहिला 'मेरू'. गढवालमध्ये गंगोत्रीच्या वर मेरू शिखर आहे, त्याच्या मधल्या सुळक्याला 'शार्क्स फिन' म्हणतात. कॉनरॅड अँकर, जिमी चिन आणि रेनान ओझटर्क हे तिघे २००८ साली तिथे गेले. आठवडाभराचं खाणं घेऊन गेले आणि सुमारे वीस दिवस अडकले. शिखर शंभरेक मीटरवर असताना परतले. २०११ साली पुन्हा गेले आणि चढले. मधल्या काळात ओझटर्कच्या कवटीला आणि मानेच्या मणक्याला मोठी दुखापत झालेली, तरी काही महिन्यांत तो कड्यावर. सिनेमा श्वास रोखायला लावतो. एक लेखक त्यात असं सांगतो की, एव्हरेस्टवर धोका शेर्पांच्या अंगावर ढकलता येतो, मेरूवर येत नाही, इथे स्वतःच सगळं ओढावं लागतं. कड्यावर हे खरं आहे. पण गंगोत्रीहून तपोवनापर्यंतचं सामान? तिथपर्यंत आम्हीही एकदा गेलो आहोत, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी, गुडघे शाबूत असताना. आमची पडशी एका नेपाळी पोराच्या पाठीवर होती. त्याचं नावसुद्धा आम्ही विचारलं नाही, हे आज कबूल करतो. म्हणून सिनेमात सामान नेणाऱ्या पाठी किती सेकंद दिसतात ते आम्ही मोजत बसलो. फार वेळ मोजावं लागलं नाही.

'मेरू'ची बाजू घ्यायची तर तो चळवळीचं सोंग आणत नाही. तो सरळ हट्टाचा सिनेमा आहे. त्यातलं सगळ्यात खरं माणूस आम्हाला वाटलं ते अँकरची पत्नी. तिचा पहिला नवरा ॲलेक्स लो १९९९ साली शिशापांगमावर हिमप्रपातात गेला. त्या प्रपातातून वाचलेल्या अँकरशी तिने पुढे लग्न केलं. ती बोलते तेव्हा आवाज चढत नाही. पण तिच्या बोलण्यावरून कॅमेरा पुन्हा कड्याकडे जातो, कारण सिनेमाला वर जायचं आहे.

दुसरा 'शेर्पा'. दिग्दर्शिका ऑस्ट्रेलियाच्या जेनिफर पीडम. फुर्बा ताशी हे एकवीस वेळा एव्हरेस्ट चढलेले. बाविसावी चढाई झाली की विक्रम. घरच्यांचं म्हणणं, जाऊ नका. सिनेमा त्या बाविसाव्या चढाईचा व्हायचा होता. १८ एप्रिल २०१४ च्या पहाटे खुंबूच्या हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळला आणि सोळा नेपाळी कामगार गेले. सरकारने कुटुंबांना आधी देऊ केले ते चाळीस हजार नेपाळी रुपये. शेर्पा म्हणाले, यंदा चढणार नाही. बाहेरचे गट अस्वस्थ, पैसे भरलेले, सुट्ट्या काढलेल्या. एक गिऱ्हाईक तर या शेर्पांच्या 'मालकां'शी बोलता येईल का, असं विचारतं. कॅमेरा चालू आहे हे त्याला माहीत आहे, तरीही.

आता इथे बघा काय होतं. साहस म्हणजे आपण होऊन निवडलेला धोका. चळवळ बहुतेक वेळा वाट्याला आलेल्या धोक्याविरुद्ध असते, धरण येतं, खाण येते, कडा कोसळतो. शेर्पाचा धोका या दोन्हींत बसत नाही. तो पोटासाठी पत्करलेला धोका आहे. गिऱ्हाइकाच्या कैक पट फेऱ्या त्याला त्या बर्फातून माराव्या लागतात, तंबू, प्राणवायू, खुर्च्यासुद्धा वर न्यायला. आणि या सिनेमातली चळवळ कोणती? वर न जाणं. साहस थांबवणं हीच तिथे चळवळ आहे. टेल्युराईडच्या ओळीत जे दोन शब्द शेजारी गुण्यागोविंदाने बसलेत, ते इथे एकमेकांच्या समोर उभे राहतात. तिथे स्वल्पविराम चालत नाही, तिथे 'विरुद्ध' असं लिहावं लागतं.

आणि याच कारणाने 'शेर्पा' हा या जातीतला आम्ही पाहिलेला सर्वांत प्रामाणिक सिनेमा आहे. त्याचं शिखर त्याच्या हातून निसटलं. दिग्दर्शिकेने ते निसटू दिलं, हे तिचं मोठेपण.

डोंगरातल्या माणसाला सजावटीला वापरण्याची खोड मात्र या कलेच्या जन्मापासूनची आहे. १९२४ साली मॅलरी-अर्विन ज्या मोहिमेत गेले, तिचं चित्रण कॅप्टन जॉन नोएल यांनी केलं. लंडनमध्ये सिनेमा दाखवताना रंगत यावी म्हणून त्यांनी तिबेटी लामांना आणून रंगमंचावर नाचवलं. ल्हासाचे अधिकारी संतापले, आणि पुढची ब्रिटिश मोहीम १९३३ पर्यंत होऊ शकली नाही. सव्हॉयच्या शेतकऱ्याच्या हातात एकदा परवाना आला की काय होतं त्याचं हे उदाहरण.

तिसऱ्या शब्दाकडे येतो. सकारात्मक बदल. 'डॅमनेशन' नावाचा २०१४ चा सिनेमा आहे, अमेरिकेतली जुनी धरणं पाडण्याबद्दलचा. डोंगरी कपडे विकणाऱ्या एका बड्या कंपनीच्या संस्थापकाने त्याच्या निर्मितीत हात घातला होता. वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीवरची दोन धरणं, १९१३ आणि १९२७ ची, त्यात फुटताना दिसतात. पाणी मोकळं होतं, सामन मासे परततात, आणि आमच्यासारख्या कोरड्या माणसाच्याही डोळ्यांत पाणी येतं. त्यात एक तरुण १९८७ साली रात्री धरणाच्या भिंतीवर लोंबकळून भलीमोठी भेग रंगवतो, ती गोष्ट येते. झकास गोष्ट आहे. पण धरण रंगाने पडलं नाही. १९९२ चा कायदा झाला, मग पैसे मंजूर व्हायला वर्षं गेली, २०११ साली पाडकाम सुरू झालं. आणि त्या नदीकाठचे क्लालम लोक धरण बांधलं तेव्हापासून आपले मासे मागत होते. शंभर वर्षं अर्ज करणाऱ्यांचा सिनेमा कसा काढायचा? त्यात दोरी नाही, लोंबकळणं नाही. भेग रंगवणारा मात्र कड्यावरच्या होनोल्डसारखाच दिसतो, म्हणून तो सिनेमात मोठा होतो. चळवळीची गोष्ट सांगायला साहसाचा साचा घेतला की असं होतं.

आपल्याकडचं बोलू. १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या वीज-धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते त्या लढ्यात. दोन-तीन वर्षांत तो ओसरला, धरण झालं, गावं बुडाली. सकारात्मक बदल काय झाला? मुंबईला वीज मिळाली. आज पावसाळ्यात आपली पुण्याची मुलं त्या पाण्याचे फोटो काढायला जातात, ढग खाली उतरलेले, हिरवेगार डोंगर. आम्हीही काढले आहेत. हरलेल्या लढ्याला या महोत्सवाच्या ओळीत जागा कुठे आहे?

आणि जिंकलेल्या लढ्याचं तरी काय? गढवालमधल्या रेणी गावात मार्च १९७४ मध्ये गौरादेवी आणि बायकांनी झाडं वाचवली. चिपकोचा तो विजय पाठ्यपुस्तकात आहे. सिनेमा काढला तर तिथे संपवता येईल, संगीत वर जाईल. ७ फेब्रुवारी २०२१ ला त्याच रेणीजवळ ऋषिगंगेला लोंढा आला, जलविद्युत प्रकल्प वाहून गेला, खालच्या तपोवनचा प्रकल्पही सापडला, दोनशेच्या वर माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. (श्रोत्यांपैकी काहींना हे 'तपोवन' आधीच्या तपोवनापेक्षा वेगळं आहे हे माहीत असेल, नावं सारखी आहेत.) डोंगरातल्या लढ्याला शिखर नसतं, त्याला फक्त पुढचा पावसाळा असतो.

आता जे सांगतो ते सांगावं की नाही, याचा आम्ही बराच विचार केला.

आमचा एक विद्यार्थी होता. तर्कशास्त्रात हुशार, आणि शनिवार-रविवार सह्याद्रीत. एका कड्यावरून उतरताना गेला. चोवीस वर्षांचा. शोकसभेत आम्हाला बोलायला लावलं, आणि आम्ही जे सगळे बोलतात तेच बोललो. तो आपल्या आवडीचं काम करताना गेला, अशी माणसं थोडी असतात, वगैरे. सभा संपल्यावर त्याची आई जवळ आली. म्हणाली, "सर, तो घरी यायला निघाला होता हो. चढून झालं होतं त्याचं. उतरत होता." एवढंच म्हणाली. आमच्या चाळीस वर्षांच्या अध्यापनात आमचं विधान इतक्या थोडक्यात कुणी खोडलं नव्हतं.

वर्षश्राद्धाला त्याच्या मित्रांनी एक फिल्म केली. मनापासून केली. ड्रोनची दृश्यं, मागे बासरी, सूर्योदय, शेवटी त्याच्या नावाने गावातल्या शाळेला दिलेली पुस्तकं. बघा, तिन्ही शब्द आले, साहस, समाजकार्य, चांगला शेवट. सगळे रडले. आईने शांतपणे पाहिली. मग त्या मुलांना म्हणाली, "यात मधे तो काहीतरी खात होता ना रे? एक सेकंद आलं आणि गेलं. ते सगळं आहे का तुमच्याकडे?" होतं. पायथ्याच्या गावात एका घराच्या ओसरीवर बसून तो पोहे खात होता, आणि घरातल्या बाईला मीठ जास्त झालंय म्हणून सांगत होता, आणि ती त्याला 'मग स्वतः कर' म्हणत होती. चार मिनिटांचं चित्रण. फिल्ममध्ये त्याचा उपयोग नव्हता म्हणून कापलेलं.

टेल्युराईडला अंधारात बसून एकामागून एक सिनेमे पाहताना आम्हाला सारखी ती कापलेली चार मिनिटं आठवत होती.

(यानंतर श्रोत्यांचे प्रश्न झाले. त्यांपैकी एक इथे घेतला आहे.)

प्रश्न : सर, मग अशा महोत्सवांना जाऊ नये, असं तुमचं म्हणणं आहे का? यांतूनच अनेक तरुण पर्यावरणाच्या कामाकडे वळतात.

वळतात, हे खरं आहे. आम्ही तिथे अशी मुलं पाहिली, आणि त्यांची चेष्टा करण्याचा आम्हाला अधिकार नाही. आमच्या पिढीने डोंगराला काय दिलं, तर प्लास्टिक. जाऊ नका असं आम्ही म्हणत नाही. आमची मुलगी पुढच्या वर्षीची तिकिटं काढायची म्हणते, आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तर आम्ही जाणार आहोत. एक मात्र करणार आहोत. आयोजकांना एक चिठ्ठी लिहून ठेवली आहे, इंग्रजी मुलीने तपासून दिलं. त्यात विचारलंय की, 'शेर्पा'सारखा सिनेमा दाखवाल तेव्हा रंगमंचावर दिग्दर्शकासोबत सामान वाहणाऱ्या एखाद्या माणसाला बोलवाल का, आणि त्याच्या तिकिटाचा खर्च कोण देईल? आणि दुसरं, त्या चार दिवसांत एखादा खेळ सकाळी सहाला ठेवा, माँट्रोजहून येणाऱ्यांची पाळी सुरू व्हायच्या आधी. उत्तर आलं तर पुढच्या व्याख्यानात सांगू.